मुठेकाठची निरगाठ

पुण्याला डोळे दाखवायला गेले होते, असं मी विचारणाऱ्याला सांगते. ते अर्धं खरं आहे. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत आला होता, पण तो आणखी चार महिने थांबला असता. मी खरी निघाले ती हौसाबाईच्या गाईसाठी.

हौसाबाई ही माझी माणदेशातली शेजारीण. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगी लांब दिलेली. घरात बोलायला म्हणून होती ती ढवळी, खिलार गाय. या उन्हाळ्यात गावातल्या विहिरींनी तळ दाखवला, टँकर सुरू झाला आणि जनावरांच्या वाट्याला भांडी विसळलेलं पाणी तेवढं उरलं. ढवळी गाभण होती. हौसाबाई आपल्या वाट्याची कळशी तिच्यापुढे ठेवायची आणि मला सांगायची, "हल्ली मला तहानच लागत न्हाई बाई." मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आहे. खोटं बोलणारं तोंड मला वर्गाच्या दारातून ओळखू येतं.

शेवटी मीच पुण्याला नानाला फोन केला. नाना माझा मामेभाऊ. त्याचं गाव पुण्याच्या पोटात गेलं त्याला बरीच वर्षं झाली, पण मुठेच्या काठी म्हशींचा गोठा त्यानं अजून ठेवला आहे. "दे पाठवून आक्का," तो म्हणाला, "चौदा हायत, पंधरावी." मे महिन्यात ढवळी टेम्पोत चढली. हौसाबाईला शब्द मी दिला होता, की गाय व्याली की वासरासकट आणून दारात बांधीन.

जुलै सरत आला. ढवळीला नववा लागला होता आणि आमच्याकडे अजून एक धड सर आली नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी हौसाबाई एक नवं दावं घेऊन आली. घायपाताचं, तिनं स्वतः वळलेलं, दोन बोटं जाड. "नायलॉननं मान कापती तिची," ती म्हणाली. "ह्ये बांधा. आन् गाठ आपली मारा. शेरात जनावर सुटलं की गेलं."

आपली गाठ म्हणजे निरगाठ. खुंट्याला तीन वेढे द्यायचे, टोक आतून घ्यायचं आणि पाय रोवून आवळायचं. भुकेलं जनावर दिवसरात्र दाव्याला हिसके देतं. सुटलं तर कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीला तोंड लावतं आणि मार खातं, नाहीतर चाऱ्याच्या वासानं चालत राहतं आणि कुठेतरी माळावर बसतं ते उठत नाही. मागच्या दुष्काळात अशी पाच जनावरं आम्ही गमावली होती. म्हणून आमच्याकडे आठ वर्षांच्या पोरीलाही ही गाठ येते.

वाहता नळ

पुण्याला मी पोचले ते पावसातच. बसच्या खिडकीतून आत येणारं पाणी मी आधी हातानं, मग रुमालानं आणि शेवटी पदरानं टिपलं. शेजारची बाई म्हणाली, "अहो, खिडकी लावा ना." खिडकी लावायची असते हे मला खरंच सुचलं नव्हतं.

नानाच्या जमिनीवर आता चार इमारती आहेत. बिल्डरनं त्याला त्यातल्याच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर दिलं आहे. वहिनी भांडी घासत होती आणि नळ आपला वाहत होता. ती फोडणीकडे वळली की मी नळ बंद करायचे. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी ती हसली. "आक्का, ऱ्हाऊ द्या वाहता. काय व्हतंय? खाली नदीच हाय की."

मला राग आला. पाहुणी म्हणून गिळला. मग न्हाणीघरात गेले आणि अर्ध्या बादलीत अंघोळ करून उरलेल्या पाण्यात लुगडं धुतलं. लुगडं धुतलेलं पाणी मी पुन्हा बादलीत साठवून ठेवलं. ते कशासाठी, हे मलाही सांगता आलं नसतं. नानाची सून प्राजक्ता खराडीला कुठल्याशा कंपनीत आहे. तिनं ती बादली बघितली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता रिकामी केली. मुलगी चांगली आहे.

जेवायला तांदळाची भाकरी, मेथीची पातळ भाजी आणि वर म्हशीचं घट्ट दही होतं. आमच्याकडे मेथी शेवटची कधी शिजली ते आठवत बसले आणि एक भाकरी जास्त खाल्ली.

गोठा

चार वाजता नाना मला गोठ्यावर घेऊन गेला. इमारतींच्या मागून एक उतरता रस्ता जातो, तो जिथं संपतो तिथं पत्र्याची लांबलचक छपरी आहे, आणि छपरीच्या पुढे वीस पावलांवर मुठा. मी नदीकडे बघत उभी राहिले. तपकिरी, भरून वाहणारं पाणी. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. दोन माणसं त्याच्याकडे पाठ करून मोबाइलवर बोलत होती.

ढवळी शेवटच्या खुंट्याला होती. मे महिन्यात टेम्पोत चढली तेव्हा तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. आता अंगावर तकाकी होती, पोट दोन्ही बाजूंना भरलेलं, आणि पुढ्यात फ्लॉवरचा पाला. मार्केट यार्डात टाकून दिलेला भाजीपाला रोज सकाळी टेम्पोनं येतो, नानानं सांगितलं. मी हौसाबाईनं दिलेला गुळाचा खडा तिच्या तोंडापुढे धरला. तिनं माझा हात चाटला आणि खडा राहू दिला. पोट भरलेलं जनावर मी वर्षभरात पहिल्यांदा बघत होते.

मग माझं लक्ष तिच्या गाठीकडे गेलं. खुंट्याला एक वेढा आणि एक नुसता फास. टोक ओढलं की सगळं मोकळं. सुरगाठ! चौदाही म्हशींना तीच.

"हे कुणी बांधलं?" मी विचारलं.

पलीकडे शेण ओढणारा माणूस सरळ झाला. पन्नाशीचा, काटक, गुडघ्यापर्यंत लुंगी. रामप्रवेश त्याचं नाव. उत्तर बिहारमधल्या नदीकाठच्या गावातून तो वीस वर्षांपूर्वी इथं आला आणि तेव्हापासून नानाचा गोठा त्याच्याच जिवावर चालतो.

"मीच बांधला, बहनजी."

"अशी बांधतात जनावरं? एका हिसक्यात सुटेल."

"सुटायलाच पाहिजे ना," तो म्हणाला. "नदी बाजूला आहे. पाणी आला तर खोलायला टाइम कुठे भेटणार? आमच्या घरात सावन महिन्यात माँ कुणाला पक्की गाठ बांधू देत नव्हती. बकरीला पण नाही."

"आणि सुटून रस्त्यावर गेली तर?"

"गेली तर शोधू. जिंदा असेल तर भेटेल."

नाना हसला. मी नाही हसले. मी जुनं दावं सोडलं, हौसाबाईचं दावं ढवळीच्या गळ्यात घातलं आणि खुंट्याला तीन वेढे देऊन निरगाठ मारली. पाय रोवून आवळली. रामप्रवेश बघत होता. नाना म्हणाला, "आमची आक्का मास्तरीण हाय. तिच्याशी वाद न्हाई घालायचा." त्यावर रामप्रवेश पुन्हा शेणाकडे वळला.

छत्री

दुसऱ्या दिवशी प्राजक्तानं मला मंडईजवळ सोडलं. पाऊस थांबत नव्हता आणि मी छत्रीशिवाय आले होते. मंडईत कोथिंबिरीच्या जुड्यांवर बायका पाणी शिंपडत होत्या. बाहेर आभाळ फाटलं होतं आणि आत ताज्या दिसाव्यात म्हणून शिंपडणं चालू होतं. माझ्या हातून नकळत एक जुडी उचलली गेली, झटकली गेली आणि ते पाणी खालच्या पालकावर पडेल अशी धरली गेली. भाजीवालीनं विचारलं, "घ्यायची आहे का खेळायचं आहे?" मी घेतली.

छत्रीच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ बसले होते. माझ्या ओल्या पदराकडे बघून म्हणाले, "जुलैत पुण्यात येताना छत्री आणली नाहीत? आपल्याकडे पावसाळा नसतो वाटतं?"

"नसतो," मी म्हटलं.

पुणेरी माणसाला निरुत्तर केल्याचा मला उगाच आनंद झाला. ते उठले, तीन-चार छत्र्या उघडून दाखवल्या, आणि मी निवडलेली बाजूला ठेवून म्हणाले, "ही नको, काड्या हलक्या आहेत. ही न्या." मग हळूच विचारलं, "अजिबातच नाही का झाला?" मी नाही म्हटलं. एवढंच बोलणं झालं, पण परत येताना मला बरं वाटत होतं.

दुपारी एकटीच गोठ्यावर गेले. ढवळीला सुरगाठ होती. माझी निरगाठ सोडून रामप्रवेशनं पुन्हा आपली गाठ मारली होती. नदी कालच्यापेक्षा पाच-सहा पावलं अलीकडे आली होती. ते मी पाहिलं होतं, हे मी इथं लिहून ठेवते.

पण मला दिसत होती हौसाबाई. ती आपल्या ओट्यावर दावं वळत बसलेली. मी संतापले. वर्गात कधी बोलले नाही असं त्या माणसाला बोलले. गाय माझ्या शब्दावर इथं आहे, एका बाईचं सगळं घर म्हणजे ही गाय आहे, तुला तुझ्या म्हशींचं काय करायचं ते कर.

"बहनजी, पाणी चढतोय," तो म्हणाला. "बघा तुम्ही."

"पाणी चढतंय म्हणून कुणी गाय सोडून ठेवतं का? आमच्याकडे पाण्याची वाट बघतात. तू पाण्याला भिऊन बसला आहेस." आणि मी पुन्हा निरगाठ मारली. दोन्ही पाय रोवून. "माझ्या गाठीला हात लावायचा नाही. समजलं?"

"समजलं," तो म्हणाला.

संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज आला, की धरणातून पाणी सोडणार आहेत, काठच्या लोकांनी काळजी घ्यावी. नानानं वाचून दाखवला. "दर साली येतोय," तो म्हणाला. "गोठ्याच्या भिंतीला लागतं आन् माघारी जातं." माझ्या मनात आलं ते एवढंच, की इतकं पाणी सोडून देण्याइतकं यांच्याकडे आहे.

थेंब

तिसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांचा दवाखाना. प्राजक्ता कचेरीला उशिरा जाणार होती, ती माझ्याबरोबर आली. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. मी मध्येच उघडले तर टेबलामागची मुलगी म्हणाली, "आजी, मिटा. उघडून बघण्यासारखं इथं काही नाहीये."

साडेनऊच्या सुमाराला प्राजक्ताचा फोन वाजला. तिचा हात माझ्या खांद्यावर आला. "आत्या, घरून कॉल होता. गोठ्यात पाणी शिरलंय. पॅनिक होऊ नका, सगळ्या बाहेर काढतायत."

"ढवळी?"

"सगळ्या म्हणाले ते."

तपासणी तशीच टाकून आम्ही रिक्षात बसलो. थेंबांमुळे मला सगळं पांढरं दिसत होतं. आभाळ पांढरं, रस्ता पांढरा, समोरचा माणूस म्हणजे पांढऱ्यात एक डाग. रिक्षावाला नानाच्या रस्त्याच्या तोंडाशी थांबला. पुढे जात नाही म्हणाला. पुढे पाणी होतं.

त्या उतरत्या रस्त्याच्या जागी मला एक सपाट चकाकी दिसत होती. तिच्यातून आवाज येत होता. मोठी गाडी जवळ येत राहावी आणि पोचूच नये, तसा. लोक ओरडत होते. कुणीतरी सिलिंडर वाहून चालला म्हणालं, कुणी गाडी म्हणालं. मुख्य रस्त्याच्या मधोमध म्हशी उभ्या होत्या आणि दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजत होते. मी पुढे जाऊन त्यांच्या पाठींवर हात ठेवून मोजल्या. चौदा. सगळ्या काळ्या. पंधरावी पांढरी असणार, म्हणून मी प्रत्येक पांढऱ्या गोष्टीकडे धावले. एक टेम्पो होता. एक रेनकोट घातलेली बाई होती.

नाना आला. नखशिखांत भिजलेला. त्यानं मान हलवली असावी, मला दिसली नाही. मी विचारत राहिले तेव्हा त्याला बोलावं लागलं. "ऱ्हायली, आक्का."

रामप्रवेश फुटपाथवर बसला होता. उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला आणि तो लाल होत चाललेला, एवढं मला जवळून दिसलं. पाणी पुढून आलं तसं मागच्या नाल्यातूनही आलं, त्यानं सांगितलं. चहा संपायच्या आत गुडघ्यावर. त्यानं चौदा दोर ओढले, चौदा म्हशी वर गेल्या. ढवळीपाशी पोचला तेव्हा पाणी कमरेवर होतं आणि गाठ पाण्याखाली. भिजून फुगलेली. बोटांनी सुटेना म्हणून विळा आणला. अर्धं दावं कापलं गेलं, तेवढ्यात ढवळी उसळली, विळा तळहातात घुसला आणि रामप्रवेश पाण्याखाली गेला. वर आला तेव्हा भिंतीपाशी होता.

"गले तक पाणी होता," तो म्हणाला. "गाँठ खुली नहीं. मैंने छोड़ दिया, बहनजी. माफ करना."

मी म्हटलं, "असू दे."

असू दे! हे शब्द मी लिहिते आहे आणि मला स्वतःची किळस येते. माफ करणारी मी कोण होते? पण त्या क्षणी मला माझ्या तोंडातून दुसरं काही काढता आलं नाही. मागून नाना त्याला म्हणत होता, "चौदा सोडल्यास, येक सुटंना व्हय तुला? पाव्हण्यांची गाय रं ती!" रामप्रवेशनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग त्यानं मान खाली घातली. मी काही बोलले नाही.

चिखल

चौथ्या दिवशी पाणी उतरलं. डोळ्यांतल्या थेंबांचा अंमलही उतरला, आता सगळं स्वच्छ दिसत होतं.

तळमजल्याच्या घरांतून माणसं संसार बाहेर आणून ठेवत होती. गाद्या, फ्रिज, पोरांची दप्तरं, देवघर, लग्नाचा अल्बम. सगळं एकाच रंगाचं झालेलं. आमच्याकडेही घरं रिकामी होतात, पण त्याला दोन-तीन वर्षं लागतात. आधी शेळ्या जातात, मग बैल, मग पितळेची भांडी, मग तरणी माणसं. प्रत्येक वेळी घरातलं कुणीतरी ठरवतं की आता हे द्यायचं. इथं सकाळी चहा पिणाऱ्या बायकांना काहीच ठरवायला मिळालं नव्हतं. एक बाई रस्त्यावर मिक्सरचं भांडं मांडीवर घेऊन बसली होती. त्यातला चिखल ती बोटानं काढत होती, आणि शेजारी दुथडी भरून वाहणारी नदी असताना तिच्याकडे ते भांडं धुवायला पाणी नव्हतं. कुणीतरी बाटल्या वाटत होतं. तिनं बाटली उघडली आणि प्यायली.

शाळेत भूगोलात एक प्रश्न असायचा. दुष्काळ आणि पूर यांतील फरक स्पष्ट करा, चार गुण. पाऊस कमी पडणं, पाऊस जास्त पडणं, मुलं लिहायची. मी गुण द्यायचे. तीस वर्षं मी तो फरक पावसाच्या पट्टीवर मोजला. खरा फरक माणसाच्या हाताला शिकावा लागतो. दुष्काळात जीव वाचवायचा म्हणजे धरून ठेवायचं, पाणी धरायचं, दाणा धरायचा, जनावर घट्ट बांधायचं. तोच हात पुरात मारतो. रामप्रवेशच्या आईला ते माहीत होतं. मला शिकवायला तो दोनदा तयार होता आणि मी त्याला दम दिला.

गोठ्याचे पत्रे गेले होते. खुंटे होते. ढवळी शेवटच्या खुंट्यापाशी आडवी होती, मान वर ओढल्यासारखी, दावं ताणलेलं. अंगावर चिखलाचा थर, पोट तेवढं उंच. त्या पोटाकडे मला बघवेना. नाना म्हणाला, वासरू आज-उद्याचंच होतं.

उचलायला महापालिकेची गाडी आली. दोन माणसं गाठीशी झटली, मग एकानं कोयता मागवला. घाव घालता घालता तो म्हणाला, "कुणी बांधली हो एवढी?"

नाना नदीकडे बघत राहिला. रामप्रवेश हात गळ्यात अडकवून भिंतीपाशी उभा होता, डॉक्टरांनी आठ टाके घातले होते आणि दोन बोटं वळत नव्हती. त्याला प्रश्न ऐकू गेला. मलाही गेला. पुन्हा मी काही बोलले नाही. गाडी वर निघून गेली.

निघताना मी त्याच्यापाशी गेले. औषधाचं विचारलं. हाताचं विचारलं. मला म्हणायचं होतं ते सोडून सगळं विचारलं. तो म्हणाला, "वो बूढ़ी माँ को क्या बोलोगी, बहनजी?"

"सांगेन काहीतरी," मी म्हटलं.

परत

गावात उतरले तेव्हा ऊन होतं. पायांखाली फुफाटा. पुण्याचा चिखल चपलेला वाळून बसला होता, तो स्टँडवरच गळून पडला.

हौसाबाई ओट्यावर होती. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं असणार. मी शेजारी बसले आणि सांगितलं. नदीला पूर आला, गोठ्यात पाणी शिरलं, बाकीची जनावरं सोडली, ढवळी गड्याला सोडता आली नाही.

ती रडली नाही. "किती पानी व्हतं?" तिनं विचारलं. मी उठून गळ्याशी हात लावून दाखवला. ती त्या हाताकडे बघत राहिली. "येवढं?" ती म्हणाली. मग म्हणाली, "त्या गड्याचा हात झडंल. गाय सोडाया येत न्हाई त्यो गडी कसला? त्याचं वाटुळं हुईल." मी ऐकून घेतलं. त्याची दोन बोटं वळत नाहीत, एवढंही मला सांगता आलं नाही. घरी गेले आणि न जेवता पडून राहिले.

सकाळी टँकर आला. आम्ही कळश्या घेऊन गेलो. रांग नेहमीसारखी होती, हौसाबाईचा तिसरा नंबर, माझा चौथा. रात्री कुणाशी बोलली नसणार, कारण रांगेत उभी राहिल्यावर ती एकदम म्हणाली, "माझी ढवळी गेली. बुडून मेली."

पुढची पोर फसकन हसली. "बुडून? कशात बुडली आज्जे?" आणखी दोघी हसल्या. त्यांना वाटलं म्हातारी काहीतरी बडबडते आहे. पायाखाली भेगा होत्या, समोर टँकरची नळी ठिबकत होती आणि एक बाई सांगत होती की तिची गाय पाण्यात बुडून मेली.

हौसाबाईचा चेहरा लाल झाला. तिनं माझा दंड धरला. "इचारा बाईंला! बाई व्हत्या तितं. सांगा वो बाई, खरं का खोटं. सांगा त्या मेल्या गड्याचं."

सगळी रांग माझ्याकडे वळली. यातल्या निम्म्या बायकांना मी अक्षरं गिरवायला शिकवली आहेत. मी कळशी खाली ठेवली.

"खरं आहे," मी म्हटलं. "गड्याला जनावरं सोडता येत होती. चौदा त्यानं सोडल्या. तो ढवळीलाही सुरगाठच मारत होता, पाणी येईल म्हणून. मी ती सोडली आणि निरगाठ मारली. दोनदा. हात लावायचा नाही म्हणून त्याला दम दिला. ती गाठ पाण्याखाली गेल्यावर सोडवताना त्याचा हात कापला. गाय माझ्या गाठीनं मेली."

टँकरवाल्यानं नळी सोडली. पहिल्या बाईची कळशी भरली आणि वरून वाहायला लागली तरी ती बाजूला झाली नाही.

हौसाबाईनं माझा दंड सोडला. तिनं आपली रिकामी कळशी उचलली, माझ्या समोरून निघाली आणि रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभी राहिली. टँकर तिथपर्यंत पुरणार नव्हता, हे तिला माहीत होतं.